मदत हवी आहे: उथळ तळ्यात ऋतूप्रमाणे मासेमारी (एडिसन, न्यू जर्सी)

मंडळी, जर्सीत गळ टाकणारं इथे कोणी असेल तर थोडा वेळ काढून उत्तर द्या. प्रश्न माझ्या सासऱ्यांसाठी आहे.

बाबा ७२ वर्षांचे, मूळ आचऱ्याचे (ता. मालवण). गेल्या सप्टेंबरपासून ग्रीनकार्डावर कायमचे आमच्याकडे आहेत. गावी त्यांची संध्याकाळ खाडीवर जायची. गरी (गळाचा आकडा), तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), शिसं आणि कोळंबीचं आमिष एवढंच सामान. तांबोशी, गोबरा, शेंगटी, जे लागेल ते घरी यायचं आणि रात्री जेवणात असायचं. इथे आल्यावर त्यांची हिवाळाभर झालेली घुसमट आम्ही रोज पाहत होतो. घरापासून चालत जाता येईल असं एकच पाणी आहे, रूझवेल्ट पार्कमधलं तळं. बाबा गाडी चालवत नाहीत, त्यामुळे "अमक्या मोठ्या तलावावर जा" हा सल्ला आमच्या कामाचा नाही.

एप्रिलमध्ये ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाचा हंगाम उघडला. माझा अकरा वर्षांचा मुलगा आणि बाबा जाऊ लागले आणि घराची कळाच बदलली. आजोबा मालवणीत शिकवतात, नातू इंग्रजी पाट्या वाचून दाखवतो. ट्राउट मिळाले, रवा लावून तळले, सगळ्यांनी खाल्ले. मग मे संपता संपता ट्राउट लागेनासे झाले आणि तळ्यात गवत इतकं माजलं की गरी दर वेळी हिरवा गुंता घेऊनच बाहेर येते.

खरी अडचण पुढे आली. गेल्या आठवड्यात बाबांना चांगला मोठा बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) लागला. तिथे असलेल्या अधिकाऱ्यांनी नम्रपणे सांगितलं की १५ जूनपर्यंत बास ठेवता येत नाही, लगेच पाण्यात सोडा. बाबांनी सोडला, पण घरी येऊन म्हणाले, "मासो खावक धरतत, खेळूक नाय." मुक्या जिवाच्या तोंडात लोखंड घालायचं आणि फोटो काढून सोडून द्यायचं, हे त्यांना पटत नाही. त्या दिवसापासून ते गेलेले नाहीत आणि मुलगा रोज विचारतोय.

मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. म्हणूनच विचारते: या तळ्यात कोणत्या महिन्यात कोणता मासा धरावा, जो कायद्याने ठेवता येईल आणि खाताही येईल? उन्हाळ्यात गवतातून गळ कसा टाकायचा? आणि बास सोडण्यामागे काही खरं कारण आहे का, की नुसताच नियम?

प्रतिसाद १ (सॉमरसेट काउंटी)

ताई, आधी लायसन्सचं सांगतो. न्यू जर्सीत सलग सहा महिने राहिलेल्या आणि ७० पूर्ण झालेल्या माणसाला मासेमारीचं लायसन्स लागत नाही, ट्राउटचा वेगळा स्टॅम्पही नाही. वय आणि पत्ता दाखवणारं ओळखपत्र खिशात हवं. नातू १६ च्या आतला, त्यालाही नको. तुमच्या यजमानांनी मात्र हातात काठी धरली तर लायसन्स हवं, आणि ट्राउट धरायचा असेल तर स्टॅम्पसुद्धा.

आता ट्राउट. हा तुमच्या तळ्यातला रहिवासी नाही. वॉरन काउंटीत ऑक्सफर्डजवळ पिक्वेस्टचं सरकारी मत्स्यपालन केंद्र आहे, तिथे हे इंद्रधनुषी ट्राउट वाढवतात आणि वसंतात राज्यभरच्या नद्या-तळ्यांत ट्रकने आणून सोडतात. थंड पाण्याचा मासा. पाणी ५० ते ६० फॅरनहाइट असेल तोवर खुशीत खातो, ७० च्या आसपास खाणं टाकतो आणि ७५ च्या वर तगणं कठीण. खोल तलावात उन्हाळ्यात तळाशी गार पाणी उरतं. उथळ तळ्यात ऊन तळापर्यंत पोचतं, वाऱ्याने सगळं पाणी घुसळलं जातं आणि वर-खाली एकच कोमट पाणी होतं. गार पाण्याचा आसराच उरत नाही. म्हणून मेअखेर ट्राउट लागेनासे झाले. काही लोकांनी धरले, बाकीच्यांतले फारच थोडे जुलै बघतील.

याचा अर्थ बाबांना नीट सांगा: अशा तळ्यातला ट्राउट धरून घरी नेणं यात कसलाही अपराध नाही. तो धरण्यासाठीच सोडलेला असतो आणि उन्हाळ्यात तसाही वाचणार नसतो. हंगाम एप्रिलच्या सुरुवातीच्या एका शनिवारी सकाळी ८ ला उघडतो. तारीख दर वर्षी बघून घ्या. त्याआधीचे साधारण तीन आठवडे ट्राउट ठेवता येत नाही. ३१ मेपर्यंत माणशी दिवसाला सहा, त्यानंतर चार, आणि लांबी किमान ९ इंच.

उन्हाळ्यात मात्र खरी मजा ब्लूगिलची. पॅनफिश (तव्यावर अख्खे मावणारे लहान मासे) म्हणतात त्यातला हा मुख्य. बाबांना एक हातात देऊन बघा, ते ओळखीचं हसतील: चपटा, उंच अंगाचा, अगदी खाडीतल्या काळुंदरासारखा. तोंड लहान, म्हणून गरीही लहान हवी, ८ ते १० नंबरची. खाडीची मोठी गरी इथे चालत नाही. ब्लूगिल आमिष कुरतडून नेतो आणि बॉबर (तंगुसावर बांधलेला तरंगता गोळा) नुसता थरथरत राहतो. गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, वर छोटा बॉबर, दोन-अडीच फूट खाली गरी, तंगूस चार पौंडाचा. एवढंच.

गवताबद्दल. सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो म्हणून गवत वाढतं, त्यामुळे ते दर वर्षी असणारच. त्याच्याशी भांडू नका, त्याच्या कडेला बसा. गवतातली मोकळी खिडकी शोधायची आणि बॉबर वरून अलगद आत सोडायचा. लांब फेकून ओढत आणायचं नाही. ब्लूगिल गवताच्या सावलीतून बाहेर येऊन खातो आणि परत आत जातो. शिसं अगदी हलकं ठेवा, म्हणजे गरी तळाच्या गाळात न जाता गवताच्या वर लटकेल. वेळ सकाळी लवकर किंवा दिवेलागणीची. भर दुपारी जुलैत माणसालाही त्रास आणि माशालाही.

प्रतिसाद २ (रत्नागिरी)

मी जर्सीत राहत नाही, पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर कोकणातच आहे असं वाटतं म्हणून लिहितो.

आपल्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. कारण वादळी समुद्र हे आहेच, पण त्या दिवसांत मासा अंड्यावर असतो हेही आहे. कायदा व्हायच्या आधीपासून आपली माणसं नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या लोटत नव्हती. बाबांना हे कोणी शिकवायला नको.

बासचंही तेच आहे. पाणी ६० ते ६५ फॅरनहाइटला आलं की नर काठाजवळ दोन-चार फूट पाण्यात शेपटीने तळ झाडून खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर तिथेच राहतो, अंड्यांवर पाणी खेळतं ठेवतो आणि जवळ येणाऱ्याला हुसकावतो. पिल्लं पोहू लागल्यावरही काही दिवस त्यांच्यासोबत असतो. तो नर उचलला की ब्लूगिलची टोळी काही मिनिटांत सगळी अंडी फस्त करते. १५ एप्रिल ते १५ जून हा नियम त्या राखणदारासाठी आहे. बाबांनी जो सोडला तो बहुधा असाच खळग्यावरचा बाप असणार. त्यांना असंच सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रत्नागिरीकर, तुमचा प्रतिसाद मी रात्री बाबांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "ह्या आधी सांगूक होया होता." मग नातवाकडून खळग्याचं चित्र काढून घेतलं.

आता त्यांचे दोन प्रश्न. १५ जूननंतर बास घरी आणावा का? आणि पार्कच्या तळ्यातला मासा मुलाला खायला देणं ठीक आहे का? हा दुसरा प्रश्न माझाही आहे.

प्रतिसाद ३ (मॉरिस काउंटी)

ताई, दोन्ही प्रश्नांना मी एकच उत्तर देईन: बास आणू नका, ब्लूगिल आणा.

नियमाने १६ जूनपासून १२ इंचांवरचे पाच बास ठेवता येतात. पण लहान तळ्यात मोठे बास मोजकेच असतात आणि ब्लूगिलची संख्या तेच आटोक्यात ठेवतात. बास संपले की ब्लूगिल बेसुमार वाढतात, खाणं पुरत नाही आणि सगळे बोटभर लांबीचे खुजे राहतात. मग ना बास, ना तळण्याजोगा ब्लूगिल. म्हणजे बास सोडणं हा खेळ नाही, पुढच्या वर्षीच्या ताटाची सोय आहे. बाबांना हा हिशेब नक्की पटेल. ब्लूगिल भरपूर असतात, त्यातले थोडे काढल्याने तळ्याचं काही बिघडत नाही. फक्त जूनमध्ये काठाजवळ त्यांचेही खळगे दिसतील. तिथले सगळ्यात मोठे नर राहू द्यावेत, मधल्या आकाराचे घ्यावेत.

खाण्याचं म्हणाल तर पारा हा मुख्य प्रश्न. मोठा मासा लहान माशाला खातो, तसा पारा वर वर साठत जातो. म्हणून जुन्या, मोठ्या बासमध्ये तो जास्त, ब्लूगिलमध्ये कमी, आणि नुकत्याच सोडलेल्या ट्राउटमध्ये काळजी सगळ्यात कमी. न्यू जर्सीचं पर्यावरण खातं पाण्यागणिक आणि माशागणिक किती वेळा खावा याचा तक्ता काढतं. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी त्यात वेगळा, कडक रकाना आहे. मुलाला द्यायच्या आधी तो तक्ता बघाच, त्यात आळस नको. तळ्यावर निळसर-हिरवी साय दिसली आणि काठावर सूचना लावलेली असली, तर त्या दिवसांत तिथला मासा घरी आणू नका आणि मुलाला पाण्यात हातही घालू देऊ नका.

ब्लूगिलला काटे फार, म्हणून फिलेच्या नादी लागू नका. खवले काढा, डोकं आणि आतडी काढा, दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा द्या. मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ, आणि वर तांदळाचं पीठ-रवा. अख्खा तळला की काटे सुटे होतात. मुलाला आजोबांनी काढून द्यावा.

आणि चुकून बास लागलाच तर: हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग धरतो. गरी खोल गेली असेल तर ओढू नका, तंगूस कापून टाका. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला तर सोडवणं सोपं जातं. जिवाला त्रास कमी व्हावा हीच बाबांची इच्छा आहे, तर हे त्यांना आवडेल.

प्रतिसाद १ (सॉमरसेट काउंटी)

सप्टेंबरनंतरचं राहिलं होतं. पाणी गार झालं की गवत बसतं, बास काठाला येतात, ब्लूगिल थोडे खोलात सरकतात. ऑक्टोबरमध्ये काही ठिकाणी ट्राउट पुन्हा सोडतात, वसंतातल्यापेक्षा मोठे, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुमारास काही निवडक तळ्यांत आणखी एकदा. कोणतं पाणी यादीत आहे ते राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या वेळापत्रकात दर वर्षी कळतं. ती गर्दी एप्रिलच्या मानाने काहीच नसते. बाबांना शांतपणे बसायला माझ्या मते वर्षातला सर्वोत्तम महिना ऑक्टोबर.

जानेवारी-फेब्रुवारीत बर्फावर कोणीही जाऊ नये, कोणी दुसरा गेलेला दिसला तरी. मध्य जर्सीचा बर्फ भरवशाचा नाही.

धागाकर्ती

आज ८ आणि १० नंबरच्या गऱ्या, छोटे बॉबर आणि चार पौंडाचा तंगूस आणला. पाऱ्याचा तक्ता छापून फ्रिजवर लावला आहे. बाबांनी दहा नंबरची गरी चष्मा लावून बघितली आणि मुलाला बांधायला शिकवत बसले आहेत. शनिवारी सकाळी साडेपाचला जायचं ठरलंय.

एक शेवटचा प्रश्न: एडिसन-इसेलिन भागात जिवंत गांडुळं मिळणारं जवळचं दुकान कोणाला माहीत आहे का? बाबा मागच्या अंगणातली वाफ्याची माती उकरायला निघाले आहेत आणि तिथे मी नुकतीच मेथी पेरली आहे.