तूप-अंडी सोडली म्हणून कोलेस्टेरॉलची गोळीही सोडायची?

कृष्णाकाठ, सांगली
आमचे चुलते ५४ वर्षांचे, तासगावला द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी छातीत कळ आली, मिरजेत अँजिओप्लास्टी झाली. रिपोर्ट नॉर्मल आल्याबरोबर त्यांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बंद केली. म्हणतात, "तूप सोडलंय, अंडं शिवत नाही, आता गोळी कशाला?"

माझ्या मते ही घोडचूक आहे. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, आपल्याच पेशी ते बनवतात. पेशीत ते कमी पडलं की एसआरईबीपी नावाचं प्रथिन केंद्रकात जातं. मग कोलेस्टेरॉल बनवणारी एन्झाइम्स वाढतात आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आत ओढणारे पेशीवरचे रिसेप्टरही वाढतात. भरपूर झालं की हे प्रथिन केंद्रकाबाहेरच अडकून राहतं. स्टॅटिन त्यातलं बनवण्याचं काम अडवते, पेशीत ते कमी पडतं, म्हणून यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू होती म्हणून!

माणदेशी, आटपाडी
दादा, खाण्याला इतकं खाली ढकलू नका. साय, डालडा यांतल्या संपृक्त चरबीनं यकृतावरचे तेच रिसेप्टर कमी होतात. माझ्या वडिलांनी दुधावरची साय सोडली, रोज पहाटे चालायला लागले, एलडीएल १४८ वरून १२६ झालं, गोळीशिवाय. आईला मात्र गोळीनं पोटऱ्या इतक्या दुखायच्या की जिना चढवत नव्हता. गोळी लिहून देतात, त्रासाचं कोण विचारतं?

कृष्णाकाठ, सांगली
तुमच्या वडिलांना अॅटॅक आलेला नाही. चुलत्यांना येऊन गेलाय. दोघांना एकच माप कसं लावायचं?

कराडची लेक, सातारा
आमच्या घरात हा वाद संपलाय. धाकटा भाऊ ३२ वर्षांचा, किडकिडीत, माळकरी, तरी एलडीएल २६० आणि टाचेमागची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी) जाड झालेली. रिसेप्टरच्या जनुकातच दोष, आईकडून आलेला. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अशाच रुग्णांच्या त्वचेच्या पेशी तपासून हा रिसेप्टर शोधला, १९८५ चं नोबेल त्यालाच मिळालं. अशा माणसानं नुसतं पथ्य करून कसं भागेल? दोष पुढच्या पिढीत उतरायची शक्यता निम्मी असते, म्हणून त्याच्या मुलीचंही रक्त तपासलं. घरात कुणाला कमी वयात अॅटॅक आला असेल तर मुलांचं तपासाच.

आणि माणदेशी, पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलूनही देतात. आईंना परत घेऊन जा.

माणदेशी, आटपाडी
ताई, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी आईला नेतो. वडिलांचं मात्र चालण्यावरच ठेवणार.