मदत हवी आहे: आरएस-४८५ वर शेवटचा बाइट गायब. यूएसबी अडॅप्टर गिळतोय की माझा कोड?

नमस्कार मंडळी,

शेतातल्या ठिबकसाठी कंट्रोलर करतोय. एसटीएम३२एफ१०३ (मायक्रोकंट्रोलर) चा बोर्ड, त्याला मॅक्स४८५ चं मॉड्यूल (बोर्डाचे बाइट आरएस-४८५ च्या दोन तारांवर, म्हणजे बसवर, सोडणारी ड्रायव्हर चिप) आणि पलीकडे मातीतला ओलावा मोजणारा मॉडबस (प्रश्न-उत्तराची ठरलेली संदेश-पद्धत) सेन्सर. बॉड रेट (सेकंदाला किती बिट) ९६००, ८एन१ (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट), सेन्सरचा पत्ता १. चार दिवस इथेच अडकलोय.

लॅपटॉपला यूएसबी-आरएस४८५ अडॅप्टर लावून सेन्सरला थेट विचारलं तर दरवेळी उत्तर येतं. म्हणजे सेन्सर, पत्ता, बॉड रेट ठीक असावेत. पण तेच बोर्डाने विचारलं की सेन्सर गप्प. मग तोच अडॅप्टर बसवर नुसता ऐकायला जोडला. बोर्डाकडून जायला हवं:

०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए

टर्मिनलवर ८४ पर्यंतच दिसतं. सातच बाइट, सीआरसीचा (चूक तपासायच्या दोन बाइटमधला) शेवटचा नाही.

आणि ज्याने डोकं पार फिरलंय ते हे: मॅक्स४८५ ची डीई पिन (वर असेल तरच चिप बसवर बोलते) खाली करण्याच्या आधी दुसऱ्या यूएआर्टवर (सिरीयल पोर्टवर) एक डीबग ओळ छापली, की आठही बाइट येतात आणि सेन्सर बोलतो. ओळ काढली की पुन्हा सात.

ए-बी उलटून पाहिले, टोकाला १२० ओहम लावला, ग्राउंड एक केली, वायर अर्ध्या मीटरवर आणली. फरक नाही. कोडमध्ये रजिस्टर थेट वापरतो: बाइट डीआरमध्ये (यूएआर्टच्या डेटा रजिस्टरमध्ये) टाकायचा, टीएक्सई हा फ्लॅग येईपर्यंत थांबायचं, शेवटच्या बाइटनंतरही तसंच, मग लगेच डीई शून्य.

लॉजिक अ‍ॅनालायझर नाही. सीपी२१०२ चा एक यूएसबी-टीटीएल अडॅप्टर पडून आहे. त्याने काही कळेल का?

प्रतिसाद १

कळेल, आणि चांगलंच कळेल. त्याचा आरएक्स मॅक्स४८५ च्या डीआय पिनवर (जिथे बोर्डाकडून बाइट येतात) लावा, ग्राउंड जोडा, टीएक्स मोकळा ठेवा. दोन टर्मिनल उघडा: एक चिपच्या आधीचं, एक बसवरचं. डीआयवर आठ आणि बसवर सात दिसले तर बाइट कंट्रोलरमधून निघालाय, पण ड्रायव्हरने तो बाहेर सोडला नाही. एक मात्र सांभाळा, टर्मिनलवरच्या वेळांवर विसंबू नका. यूएसबी अडॅप्टर बाइट साठवून गठ्ठ्याने देतात. एफटीडीआयच्या चिपमध्ये ही वाट पाहण्याची मुदत मुळात १६ मिलिसेकंद असते. कोणते बाइट आले ते खरं, कधी आले ते नाही.

प्रतिसाद २

डीबग ओळीनेच उत्तर दिलंय तुम्हाला. टीएक्सईचा अर्थ डीआर रिकामा झाला, एवढाच. त्या क्षणी शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये (जिथून एकेक बिट बाहेर जातो) गेलेला असतो आणि वायरवर जेमतेम सुरू होत असतो. ९६०० ला एका बाइटला १.०४ मिलिसेकंद लागतात. तुम्ही स्टार्ट बिटमध्येच ड्रायव्हर बंद करता. छापायला जो वेळ जातो त्यात बाइट निघून जातो, म्हणून तेव्हा चालतं.

शेवटच्या बाइटनंतर एसआरमधला (स्टेटस रजिस्टरमधला) टीसी, म्हणजे पाठवणं पूर्ण झाल्याचा फ्लॅग, बघा (बिट ६, टीएक्सई बिट ७ आहे). एफ१०३ च्या यूएसआर्टमध्ये डीई आपोआप सांभाळायची सोय नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. आणि कृपा करून ५ मिलिसेकंदांचा डिले टाकून वेळ मारून नेऊ नका. मॉडबसमध्ये दोन संदेशांमध्ये ठेवायची साडेतीन कॅरॅक्टरची (बाइटची) शांतता ९६०० ला पावणेचार मिलिसेकंदांच्या आतच संपते. चपळ सेन्सर त्यानंतर बोलायला लागला आणि तुमचा डीई अजून वर असला, तर त्याच्या उत्तराची सुरुवात तुम्हीच चिरडाल.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आधी कोड न बदलता सीपी२१०२ लावला: डीआयवर आठ, बसवर सात. मग शेवटची अट टीसीची केली, डीबग ओळ काढली. आता दोन्हीकडे आठ, आणि सेन्सरचं सात बाइटचं उत्तरही येतंय. रात्रभर दर २ सेकंदांनी विचारत ठेवलं होतं, सकाळपर्यंत एकही उत्तर चुकलं नाही. ज्या अडॅप्टरवर मी चार दिवस संशय घेतला, तो पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होता.