स्वस्तातली .२२ रायफलची गोळी: दोष गोळीचा की माझा? मदत हवी आहे

प्रोनवाली: क्लबात या वेळी नेहमीची मॅच गोळी आलीच नाही, स्वस्तातले डबे हातात दिले. काल ५० मारल्या. दोन उडाल्याच नाहीत, बाकीच्यांनी टार्गेटच्या कार्डावर उभी रांग लावली, नऊ-आठमध्ये. रविवारी मॅच आहे. गोळी चांगली की वाईट हे कसं ओळखायचं? प्लीज लवकर सांगा.

जुना_नेमबाज: अंतर? रायफल कोणती? स्लिंगवर (हाताचा पट्टा) की रेस्टवर (टेकू)? डब्यावर वेग किती लिहिलाय?

प्रोनवाली: अहो, प्रोन (पोटावर झोपून) म्हटल्यावर ५० मीटरच ना. स्लिंगवर. वेग कुठे लिहिलेला असतो?

टेक्सासचा_तात्या: इथे सुपरमार्केटात ५२५ चा डबा मिळतो. शेकड्यामागे एक-दोन फुसक्या निघतातच, मनावर घेऊ नये. लोखंडी पाटी टण् वाजली की आपला दिवस सार्थकी.

जुना_नेमबाज: तात्या, तुमची पाटी ताटाएवढी. हिचा दहाचा गोल १०.४ मिमीचा, आणि गोळीच ५.६ मिमीची.

दहा_पॉइंट_नऊ: सोप्पं आहे. दागिन्यांचा वजनकाटा आणा, प्रत्येक गोळी तोला, वेगळी निघेल ती बाजूला. मी तीन वर्षं हेच करतोय.

जुना_नेमबाज: आणि फरक पडला?

दहा_पॉइंट_नऊ: मनाला समाधान मिळतं.

जुना_नेमबाज: तेच म्हणतो. शिसं ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. त्यात पितळ आणि दारू मिळवून तुम्ही एकच आकडा वाचता. जास्तीचा कण पितळेचा की दारूचा, हे काट्याला कसं कळणार? आणि रिममधला, म्हणजे बुडाच्या कडेतला, पेटवणारा मसाला सगळीकडे सारखा पसरलाय का, हे तर अजिबातच कळत नाही.

कोकणातला_बाप्या: आमच्याकडे रानडुकरं भात ठेवत नाहीत. १२ बोरचं लायसन्स रिन्यू करायला कुठली कागदपत्रं लागतात?

जुना_नेमबाज: प्रोनवाली ताई, तुझी उभी रांगच अर्धं उत्तर देतेय. गोळी साधारण ३२५ मी/से ने निघते, ५० मीटरला जाईपर्यंत बारा-साडेबारा सेंटिमीटर खाली येते. एखादी १० मी/से ने हळू निघाली, तर आणखी ७-८ मिमी खाली. म्हणजे जवळजवळ एक अख्खी रिंग. स्वस्त डब्यात दारूचं माप डळमळतं, ते असं उभं दिसतं. पण श्वास नीट धरला नाही तरी रांग उभीच लागते! म्हणून आधी स्लिंग सोड. रेस्टवर दहा-दहाचे ग्रुप काढ, पाचाच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नकोस. गोळी बदललीस की पहिल्या पंधरा-वीस मोजू नकोस, बॅरलला गोळीवरचं नवं मेण लागू दे. न उडालेल्या दोघींचं काय केलंस?

प्रोनवाली: लगेच काढून टाकल्या. सरांकडे आहेत.

जुना_नेमबाज: लगेच?? नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. उशिरा उडते कधी कधी. आणि फुस्स असा बारका आवाज आला तर पुढची घालायचीच नाही, आधीची बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. आता सरांसमोर त्या दोन गोळ्या अर्ध्या फिरवून परत लाव. उडाल्या तर बहुतेक रिममध्ये मसाल्याला खिंडार. पण आधी रिमवर आपटणाऱ्या पिनची खूण बघ, उथळ असेल तर बिचाऱ्या डब्याला शिव्या देऊ नकोस.

दहा_पॉइंट_नऊ: हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) असेल तर गेलीच. ३८० मी/से ने निघते, टार्गेटजवळ आवाजाच्या वेगाखाली उतरताना डुलते.

प्रोनवाली: स्टँडर्डच लिहिलंय. डबे दोन दिवस गाडीच्या डिकीत होते, पण त्याने काय होतंय?

जुना_नेमबाज: मे महिन्यात?! हे आधी सांगायचं ना बाई. मेण वितळून एका बाजूला जातं. बोट लावून बघ.

प्रोनवाली: (दुसऱ्या दिवशी) बघितलं. डिकीतल्यांना एका बाजूने चिकट थर, दुसरी बाजू कोरडी. मग क्लबच्या कपाटातला त्याच लॉटचा डबा काढला, तो ठीक. रेस्टवर दहा मारल्या: आडवा पसारा १२ मिमी, उभा ३१. नेहमीच्या वीसच उरल्या होत्या, त्यातल्या दहाने आडवा ११, उभा १४. न उडालेल्या दोन्ही फिरवल्यावर उडाल्या. त्याआधी त्या रिकाम्या केसशेजारी ठेवून पाहिल्या होत्या, खड्डा सगळ्यांवर सारखाच खोल.

जुना_नेमबाज: म्हणजे हात सरळ, पिन सरळ, डबा वाकडा. सरावाला वापर, मॅचला नको. पण लॉट नंबर लिहून ठेव. त्याच कंपनीचा पुढचा लॉट झकास निघू शकतो, आणि तुझ्या रायफलला न मानवलेला डबा दुसऱ्या रायफलमध्ये लाडका ठरतो.

दहा_पॉइंट_नऊ: मॅचला एसके कंपनीची गोळी चालेल. लापुआ कंपनीची .२२ जिथे बनते तिथलीच, जर्मनीतल्या शोनेबेकची.

जुना_नेमबाज: चालेल, पण तिच्या बॅरलमधून बघितल्याशिवाय नाही. नावावर जाऊ नका.

राधानगरीकर: आमच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) ब्राँझ आणलं, ४५१.४! रेल्वेत टीसी होता.

प्रोनवाली: हो दादा, माहीतय :) मैत्रिणीकडून पन्नास मॅच गोळ्यांचा शब्द मिळालाय, तिचं नि माझं बॅरल एकाच मेकचं. क्लबच्या रजिस्टरमधून घेऊ. शुक्रवारी रेस्टवर दहा बघते, बाकी रविवारी.

जुना_नेमबाज: मेक एक असला तरी बॅरलं जुळी नसतात. दहा नको, वीस मार.

कोकणातला_बाप्या: १२ बोरचं कुणी सांगेल का?