आईला 'नॅनो' पॅक्लिटॅक्सेल सांगितलंय, खरंच फरक पडतो का?

निफाडचा_बागाईतदार
नमस्कार मंडळी. आईला (वय ६१) स्तनाचा कॅन्सर आहे, फुफ्फुसात पसरलाय. नाशिकला उपचार चालू आहेत. साधं पॅक्लिटॅक्सेल सुरू केलं तर पहिल्याच सलाईनला अंगावर चट्टे उठले, धाप लागली, बंद करावं लागलं. आता डॉक्टरांनी नॅनो पॅक्लिटॅक्सेल लिहून दिलंय. खर्च जास्त आहे आणि द्राक्षाचे पैसे अजून व्यापाऱ्याकडेच अडकलेत. मेडिकलवाला म्हणतो, हे थेट गाठीवर जातं. खरंय का? आईला शुगरपण आहे.

केमोफार्मसी_ताई
दादा, नाशिकमध्येच केमोची इंजेक्शनं तयार करायच्या खोलीत माझी सगळी नोकरी झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून साध्या इंजेक्शनात ते एरंडेलापासून केलेल्या क्रेमोफोर नावाच्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये मिसळलेलं असतं. आईला जो त्रास झाला तसा त्रास बहुतेक वेळा या क्रेमोफोरमुळे होतो. तो होऊ नये म्हणून आधी डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) देतात, आणि डेक्साने शुगर चढते. नॅनोच्या औषधात क्रेमोफोर नाहीच. औषध अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधून साधारण १३० नॅनोमीटरचे कण केलेले असतात. अमेरिकेत त्याला २००५ मध्ये मंजुरी मिळाली. रिअ‍ॅक्शन टाळायला डेक्सा सहसा लागत नाही, आणि तीन तासांचं सलाईन अर्ध्या तासात होतं. तुमच्या आईसाठी खरा फायदा हा आहे.

वायलमध्ये पांढरट भुकटी असते. सलाईन वायलच्या भिंतीवरून हळूहळू सोडायचं, पाच मिनिटं तसंच ठेवायचं, मग अलगद फिरवायचं. जोरात हलवलं की फेस येतो. तयार औषध दुधासारखं दिसतं. त्यामुळे बाटली पांढरी दिसली तर घाबरू नका, साधं पॅक्लिटॅक्सेल मात्र पारदर्शक असतं.

एक कळकळीने सांगते, या दोन्ही औषधांचे डोस वेगळे आहेत. तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात साधं शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर १७५ मिलिग्रॅम, तर हे २६०. बाहेरून आणणार असाल तर चिठ्ठीवर 'अल्ब्युमिन बाउंड' लिहिलंय का आणि खोक्यावरही तेच आहे का, दोन्ही जुळवून बघा. 'पॅक्लिटॅक्सेलच आहे, चालेल' असं कोणी म्हणालं तर अजिबात घेऊ नका. म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) वेळी, २०२१ ला, अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी लोक दुकानं पालथी घालत होते. तिथेही साधं आणि लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेलं) यांचे डोस वेगळे, आणि साधं किडनीला जास्त जड.

पुण्यातला_नाशिककर
मी नॅनोकणांवरच पीएचडी करतोय. 'थेट गाठीवर' हे फार वाढवून सांगितलंय. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यातून मोठे कण तिथे साचतात, हे जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडलं. पण २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिलेल्या डोसपैकी गाठीपर्यंत पोहोचलेला हिस्सा साधारण ०.७ टक्के निघाला. बाकीचे कण बरेचसे यकृत आणि प्लीहेतच अडकतात. ताई म्हणतात तो फायदा मात्र पक्का.

सातपूर_कॉलनी
खर्चाचं म्हणाल तर भारतीय कंपन्यांचं अल्ब्युमिनवालं औषध मिळतं, किमतीत बराच फरक असतो. डॉक्टरांनाच विचारा कोणतं चालेल. आणि महात्मा फुले योजनेत बसतं का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून आधी लिहून घ्या.

निफाडचा_बागाईतदार
ताई, खूप आभार. डेक्साचं कुणी सांगितलंच नव्हतं. घरी कशाकडे लक्ष ठेवू?

केमोफार्मसी_ताई
हातापायाला मुंग्या येतात का, ते रोज विचारा. या औषधाने त्या साध्यापेक्षा जास्त येऊ शकतात. ब्लाउजचे हुक लावता येईनात, चप्पल पायातून निसटलेली कळेना, असं झालं तर पुढच्या सलाईनआधी डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो. शुगरवाल्यांना पायाची जाणीव आधीच कमी असते, म्हणून पहिल्या सलाईनच्या आधीच त्यांना आईचे पाय तपासायला सांगा. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढा.