पार्किन्सन्स: हलगी की पेटी?

रंकाळाकाठ: रुग्णाचे पाय उंबऱ्याशी चिकटतात, बोटं मंदावलीत. घरात हलगी आणि पेटी दोन्ही आहेत. सुरुवात कशानं करावी?

तालवेडा: चालीसाठी आधी नुसता ठोका. मेंदूची आतली लय बिघडलेली असते, बाहेरचा ठोका तिची जागा घेतो. मिनिटाला पडणारी पावलं मोजा. ९० असतील तर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) ९५ च्या आसपास लावा. पावलं तोकडी होऊन पळाल्यासारखी पडू लागली की लय उतरवा. हलगीची मिरवणुकीतली गत तर नकोच, संथ केरवा बरा.

पेटीमास्तर: बोटांना पेटीच. पण डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर असला की भाता बरेचदा थांबतो, दोन कामं एकदम झेपत नाहीत. म्हणून आधी नुसता भाता, मग एकच सूर धरून भाता, नंतर सारेगम. १५ मिनिटं पुरेत.

फिजिओ_कोल्हापूर: सराव गोळीचा अंमल असतानाच, आणि गोळ्या वादनामुळे कमी करायच्या नाहीत. उंबऱ्याशी अडकल्यास हात धरून ओढू नका, तोल जातो. थांबा, वजन एका पायावर घ्या, ‘एक-दोन’ म्हणत दुसरा उचला. रंकाळ्यावर चालताना कानात हेडफोन नकोत.

रंकाळाकाठ: म्हणजे हलगी तूर्त खुंटीवरच!