विषय: चवथीला शटर खाली म्हणजे धंदा सोडला?

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्निया सोडून म्हापशाला परतलो तरी तिथल्या मराठी मंडळींच्या या ईमेल यादीतून नाव काढलेलं नाही, त्याचा आज फायदा घेते. कांदोळीला आमची एका आइस्क्रीम ब्रँडची फ्रँचायझी आहे. चवथीच्या आधीच्या आठवड्यात मुसळधार पावसात छताचा कोपरा खाली आला, वायरिंगमध्ये पाणी गेलं. दुरुस्तीला ६ दिवस लागले. तेवढ्यात चवथ आली. कामाची मुलं दीड दिवसाचा गणपती सांगून गावी गेली ती सातव्या दिवशी उगवली. एकूण १३ दिवस शटर खाली. आता कंपनीची नोटीस आलीय: सलग १० दिवस बंद म्हणजे ‘अबँडनमेंट’ (धंदा सोडून जाणं), करार रद्द, डिपॉझिट जप्त. अहो, माझे फ्रीजर आत, भाडं चालू. सोडून गेलं कोण?

– म्हापशाची वहिनी

---

वहिनी,

नोटीस वाचली. तुमच्या कॅलिफोर्नियात फ्रँचायझीचा वेगळा कायदा आहे. तिथे सलग ५ दिवस धंदा न चालवणं म्हणजे सोडणं, पण आग, पूर, भूकंप किंवा तशाच हाताबाहेरच्या कारणाने बंद असेल तर नाही. भारतात असा स्वतंत्र कायदाच नाही. करारात जे लिहिलंय ते, आणि मागे १८७२ चा करार कायदा.

तेव्हा आधी करारातलं ‘फोर्स मेजर’चं, म्हणजे हाताबाहेरच्या आपत्तीचं, कलम काढा. त्यात पाऊस-पूर आहे का, आणि किती वेळात लेखी कळवायचं आहे? नुसतं कारण खरं असून भागत नाही, वेळेत कळवलेलं असावं लागतं. छताचे ६ दिवस त्यात बसले तर ते वजा होतात, उरतात ७. मग १० भरतातच कुठे? भाड्याच्या पावत्या, वीजबिल, इलेक्ट्रिशियनचं बिल जोडा. सोडून जाणारा माणूस वायरिंग करून घेत नाही.

करार कायद्याच्या कलम ५६ च्या (करार पाळणं अशक्य झालं की तो रद्द) नादी लागू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली सत्यव्रत घोष खटल्यात ‘अशक्य’चा अर्थ जरा सैल केला, पण २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालाने बजावलं की धंदा महाग किंवा जड झाला एवढ्याने सुटका नाही. शिवाय ५६ लागलं की करारच संपतो. तुम्हाला तर तो टिकवायचाय!

डिपॉझिटसाठी त्याच कायद्याचं कलम ७४ बघा. करारात आकडा लिहिला असला तरी ती वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. २०१५ च्या कैलाश नाथ निकालानुसार नुकसानच झालं नसेल तर जप्तीही नाही.

– फोंड्याहून

---

विमा होता का? इथे फ्रीमाँटला ‘बिझनेस इंटरप्शन’ म्हणतात ते.

– काका

---

काका, इथे तो आगीच्या पॉलिसीला जोडून ‘लॉस ऑफ प्रॉफिट’ म्हणून मिळतो. मूळ पॉलिसीत बसणारं नुकसान झालं तरच बुडालेला नफा आणि चालू खर्च मिळतात. चवथीच्या दिवसांचा छदामही नाही. छत जुनं होतं म्हणून गळलं, असं मात्र विम्याच्या सर्व्हेअरपुढे बोलून जाऊ नका, वहिनी. झीज पॉलिसीत धरत नाहीत. (खोटं सांगा असं म्हणत नाही. वादळाच्या दुसऱ्या दिवशीचे फोटो दाखवा.)

– फोंड्याहून

---

विमा फक्त फ्रीजरचा होता. कलम मिळालं: ७२ तासांत लेखी, ईमेल चालेल. छत पडलं त्याच संध्याकाळी ह्यांनी फोटोंसकट मेल टाकला होता, सापडला! चवथीचं मात्र काहीच कळवलं नाही. गोव्यात चवथीला दुकान बंद असतं, हे काय कळवायचं?

– म्हापशाची वहिनी

---

वहिनी, कंपनी गुरुग्रामची आहे. कळवायचं.

– फोंड्याहून