न बसणारे अपडेट: घरच्या माणसाने पार्टिशनला हात लावावा का?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

एखादे अपडेट बसत नसेल तर ते बसेपर्यंत मागे लागावे, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो सरसकट मान्य नाही, आणि का मान्य नाही ते एका उदाहरणावरून मांडते.

मायक्रोसॉफ्टने ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे सुरक्षा अपडेट दिले. विंडोज सुरूच झाली नाही तर दुरुस्तीसाठी डिस्कचा एक छोटा भाग राखून ठेवलेला असतो, त्याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. हे अपडेट त्या भागासाठी होते आणि बसण्यासाठी तिथे २५० एमबी मोकळी जागा मागत होते. असंख्य यंत्रांवर तो भागच मुळात ५०० एमबीच्या आसपास आखलेला आणि बराचसा भरलेला. त्यामुळे अपडेट उतरत असे, बसू लागत असे आणि ०एक्स८००७०६४३ हा क्रमांक दाखवून थांबत असे. जागा अपुरी असल्याचा संदेश यायला हवा होता, पण त्रुटी हाताळण्यातल्या दोषामुळे त्याऐवजी हा मोघम क्रमांक येऊ शकतो, हे कंपनीनेच नंतर नमूद केले.

माझ्या मावशीच्या घरी हाच क्रमांक दिसत होता. शेजारच्या मुलाने जागा कमी असेल असा अंदाज सांगितला, म्हणून तिने मुलीच्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर हलवून संगणकावरून काढून टाकले. सी ड्राइव्हवर त्याआधीही ९० जीबी मोकळे होते. जागा कमी होती हे खरे, पण ती अशा भागात, जो ‘धिस पीसी’ उघडल्यावर दिसतच नाही. पुढे तो पेन ड्राइव्ह उघडेनासा झाला. सुदैवाने फोटोंची एक प्रत जावयांकडे होती.

हे अपडेट सुरक्षेतल्या ज्या त्रुटीसाठी होते, ती बिटलॉकरचे (डिस्कवरची माहिती एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, करून ठेवणारी विंडोजची सोय) संरक्षण चुकवण्याची होती, आणि त्यासाठी हल्लेखोराच्या हातात प्रत्यक्ष यंत्र असावे लागते. मावशीचा डेस्कटॉप बैठकीच्या खोलीत आहे आणि त्यावर बिटलॉकर नाही. त्या यंत्राला या अपडेटचा उपयोग शून्य, आणि ते बसवण्यासाठी मात्र सत्तरीच्या बाईने काळ्या खिडकीत आज्ञा टंकून डिस्कचे भाग कापायचे. विंडोज १० साठी आपोआप होणारा उपाय देता येणार नाही, ज्याला हवे त्याने हाताने करावे, असेही कंपनीने त्याच वर्षी जाहीर केले. अशा वेळी ‘शो ऑर हाइड अपडेट्स’ हे साधन वापरून ते अपडेट लपवावे आणि यंत्राला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना तंत्रज्ञ

ताई, मावशींच्या यंत्रापुरते तुमचे निदान बरोबर आहे, पण त्यावरून काढलेल्या सल्ल्याशी मी सहमत नाही.

घरच्या माणसाला आपल्या यंत्रावर एन्क्रिप्शन चालू आहे की नाही हे बहुधा माहीतच नसते. विंडोज १० होम असलेल्या कित्येक लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर, डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते आणि तेही बिटलॉकरच्याच तंत्रावर चालते. ‘आमच्याकडे बिटलॉकर नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या यंत्रावर ते चालू असल्याचे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. लॅपटॉप रेल्वेत किंवा एसटीत चोरीला जाऊ शकतो, आणि हल्लेखोराच्या हातात प्रत्यक्ष यंत्र येते ते नेमके तेव्हा.

दुसरा मुद्दा सवयीचा आहे. एक अपडेट लपवून काही बिघडले नाही की माणूस दुसरेही लपवतो. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने १२ मे २०१७ पासून जगभर यंत्रे बंद पाडली, तेव्हा ते ज्या त्रुटीतून शिरले तिच्यावरचा उपाय १४ मार्चलाच उपलब्ध होता, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी तो बसवला नव्हता ते सगळे निष्काळजी होते असे मी म्हणणार नाही, पण ‘आत्ता नको’ची किंमत किती मोठी असू शकते हे त्या वेळी दिसले.

क्रमांकाबद्दलही लिहितो, कारण लोक तो वाचतच नाहीत. ‘८००७’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर, असतात. ०६४३ चे दशमानात १६०३ होतात, आणि १६०३ म्हणजे बसवताना काहीतरी गंभीर अडले, एवढेच. याउलट ०एक्स८००७००७० मधल्या ७० चे ११२ होतात, म्हणजे डिस्क भरली. आणि शेवटी ०००५ असेल तर परवानगी नाकारली गेली. अंक उलगडायला दोन मिनिटे लागतात आणि कोणत्या बाजूने शोधायचे ते कळते. १६०३ हा मात्र सर्वांत मुका क्रमांक आहे, म्हणूनच मावशींची फसगत झाली.

लेखापाल

आमचे करसल्ल्याचे छोटे कार्यालय आहे, त्यामुळे मला या वादात तिसरी बाजू दिसते. हाच क्रमांक आला तेव्हा आम्ही यंत्र एका दुरुस्तीच्या दुकानात दिले. तिथल्या माणसाने क्रमांकाकडे पाहिलेही नाही. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाला, आणि आम्हाला न विचारता डी ड्राइव्हसकट सगळे पुसून मोकळा झाला. टॅलीचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा होता. त्या तीन आठवड्यांच्या नोंदी आम्ही दोघांनी पावत्यांच्या गठ्ठ्यावरून रात्री बसून पुन्हा भरल्या.

अपडेट लपवले असते तर हे टळले असते, हे खरे. पण ग्राहकांची पॅन आणि बँक खात्याची कागदपत्रे ज्या लॅपटॉपवर आहेत तो एन्क्रिप्ट केलेला आहे, आणि त्या एन्क्रिप्शनलाच फट असेल तर ती उघडी ठेवणे मला पटत नाही.

कृष्णाकाठ

डिव्हाइस एन्क्रिप्शनचा मुद्दा मान्य आहे. मी तो विचारात घ्यायला हवा होता. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली तशी नोंद दिसते का, आणि दिसली तर ते चालू आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणीही अपडेट लपवू नये.

वॉनाक्रायची तुलना मात्र मला अस्थानी वाटते. ते जाळ्यावरून, कोणीही काही न दाबता, एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत होते, तर इथे चोराने यंत्र उचलून नेल्याशिवाय काहीच घडत नाही. दोन्ही धोक्यांना एकाच भीतीने मोजले, तर माणूस जिथे धोका नाही तिथे पार्टिशन कापायला बसतो. आणि त्या कामात चूक झाली तर काय होते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? डिस्कपार्टमध्ये (डिस्कचे भाग करणारे-काढणारे विंडोजचे साधन) भागाचा क्रमांक एकाने चुकला, तर ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’ ही आज्ञा ‘नक्की का?’ असे एकदाही विचारत नाही.

जुना तंत्रज्ञ

विचारत नाही, हे खरे आहे, आणि म्हणूनच मी हे काम घाईत करू देत नाही. माझी पद्धत सांगतो, म्हणजे धोका नेमका कुठे आहे ते स्पष्ट होईल.

आधी कामाच्या सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेल्या प्रतीला मी बॅकअप म्हणत नाही. एन्क्रिप्शन असेल तर रिकव्हरी की, म्हणजे डिस्क कुलूपबंद राहिली तर ती उघडणारा लांब क्रमांक, कागदावर उतरवून घ्यावी. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे ती काळी खिडकी, उघडून ‘रीएजंटसी /इन्फो’ ही आज्ञा द्यावी. रिकव्हरी कोणत्या डिस्कच्या कितव्या भागात आहे ते तिथे लिहिलेले येते. ते दोन आकडे कागदावर लिहावेत.

त्यानंतर ‘रीएजंटसी /डिसेबल’. या आज्ञेने दुरुस्तीची फाइल विंडोजच्या ‘सिस्टम३२’मधील ‘रिकव्हरी’ फोल्डरमध्ये परत येते. ती तिथे आली आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण ती न येताच भाग पुसला तर दुरुस्तीची सोयच नाहीशी होते. मग डिस्कपार्टमध्ये सी ड्राइव्ह २५० एमबीने लहान करायचा, जुना रिकव्हरी भाग काढायचा, मोकळ्या झालेल्या जागेत नवा करायचा आणि शेवटी ‘रीएजंटसी /एनेबल’ द्यायचे. डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवण्याच्या जीपीटी आणि एमबीआर अशा दोन पद्धती आहेत; नव्या भागाची ओळखखूण डिस्क जीपीटी असेल तर वेगळी आणि एमबीआर असेल तर वेगळी द्यावी लागते. काही जुन्या यंत्रांवर रिकव्हरीचा भाग सी ड्राइव्हच्या आधी असतो. तिथे जुना भाग पुसून सीच्या मागची जागा वाढत नाही, नवा भाग सीच्या मागेच करावा लागतो. ज्याला हे वाचूनच धास्ती वाटली त्याने एकट्याने करू नये. जाणकार शेजारी बसवावा, आणि तोही कागदावरच्या आकड्यांशी पडताळूनच काम करणारा असावा.

कोकणकडा

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, ती वीज. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर पार्टिशनचे काम जून ते सप्टेंबर हाती घेऊच नये, एवढे माझे ठाम मत आहे.

दुसरे, अपडेट अडले की उतरवलेली अपडेट जिथे साठतात त्या ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ फोल्डरचे नाव बदला, विंडोजच्या फाइली दुरुस्त करणारी डिझम आणि एसएफसी ही साधने चालवा, हा ठरावीक काढा प्रत्येकाला पाजला जातो. उतरवलेली फाइल खराब असेल किंवा विंडोजच्या फाइली बिघडल्या असतील तर त्याचा खरोखर गुण येतो आणि मी स्वतः तो वापरतो. पण या प्रकरणात त्यातल्या एकाही उपायाने रिकव्हरीच्या भागात एक एमबीसुद्धा वाढत नाही. मी पूर्ण रविवार त्यात घालवला आणि सोमवारी अपडेट पुन्हा तिथेच अडले.

लेखापाल

विजेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आम्ही लॅपटॉपवर हे काम केले म्हणून ती काळजी नव्हती. तंत्रज्ञांनी सांगितलेला क्रम आणि आम्ही पाळलेला क्रम एकच आहे, फक्त आम्ही दुकानाच्या अनुभवानंतर तो शिकलो. प्रत उघडून पाहण्यात दोन तास गेले आणि प्रत्यक्ष कामाला वीस मिनिटेही लागली नाहीत.

कृष्णाकाठ

मावशीच्या यंत्रावर आज फोनवरून तपासून घेतले. डिव्हाइस एन्क्रिप्शनची नोंदच दिसत नाही, त्यामुळे तिथे ते अपडेट लपवलेलेच राहील. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र ते चालू निघाले. रिकव्हरी की उतरवून घेतली आहे. बाहेरची डिस्क उद्या आणते. प्रत घेतल्यावर ती उघडून पाहीन आणि मगच ‘रीएजंटसी /इन्फो’ देईन. डेस्कटॉपबद्दलचे माझे मत अजून बदललेले नाही.